देवगिरीच्या यादवांची वंशावळ आणि तिचे साक्षीदार



देवगिरीच्या यादवांचे नाव निघाले की आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा त्यांच्या अखेरीची. १२९६ मधली अल्लाउद्दीनची स्वारी, धान्य समजून किल्ल्यात भरलेली मिठाची पोती, पुढे मलिक काफूर आणि १३१८ मध्ये हरपाळदेवाचा वध. या शेवटावर आपल्याकडे नाटके झाली, कादंबऱ्या झाल्या आणि हळहळही पुष्कळ झाली. आज मला या घराण्याच्या दुसऱ्या टोकाकडे जायचे आहे. ही माणसे आली कुठून, स्वतःला कोणाचे वंशज म्हणवून घेत होती आणि त्या म्हणण्याला पुरावा म्हणून किती किंमत द्यायची, हा आजचा विषय. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते पटते की नाही हे पाहत तुम्हाला ऐकता येईल. राजवंशाची वंशावळ ही ती लिहिली गेली त्या काळाची साक्ष असते. तिच्यात वर्णिलेल्या आदिपुरुषाच्या काळाविषयी ती फारसे काही सांगू शकत नाही. म्हणून ती वाचायची झाली तर खालून वर वाचावी, आणि घराण्याचा खरा इतिहास त्याच्या मुळापेक्षा त्याच्या सोयरिकींत आणि वारशाच्या तुटलेल्या सांध्यांत शोधावा. यादवांची वंशावळ या दृष्टीने महाराष्ट्रात सर्वांत बोलकी आहे, कारण ती एका नव्हे तर अनेक काळांत लिहिलेली आपल्या हाती आहे.

तिचे सर्वांत भरघोस रूप हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त मिळते. या ग्रंथाच्या व्रतखंडाच्या आरंभी राजप्रशस्ती आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास इंग्रजीतून लिहिला, तेव्हा यादवांच्या प्रकरणाचा कणा म्हणून हीच प्रशस्ती वापरली. हेमाद्री चंद्रापासून सुरुवात करतो, यदूपर्यंत येतो, तेथून कृष्णापर्यंत. हे लोक आधी मथुरेचे स्वामी होते, कृष्णापासून द्वारकेचे झाले. मग सुबाहू नावाचा सार्वभौम राजा येतो. तो आपले राज्य चार मुलांत वाटून देतो आणि त्यांतला दृढप्रहार दक्षिणेचा धनी होतो. दृढप्रहाराचा मुलगा सेउणचंद्र. त्याच्यावरून प्रदेशाला सेउणदेश हे नाव पडले. येथून पुढे मात्र जमीन पायाखाली येते. भिल्लम, राजुगी, वड्डिग, वेसुगी ही नावे पुराणांतली नव्हेत. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात वावरलेल्या, राष्ट्रकूट आणि चालुक्य सम्राटांची चाकरी केलेल्या माणसांची ती नावे आहेत. दृढप्रहार साधारणपणे नवव्या शतकातला ठरतो आणि त्याचे ठाणे चंद्रादित्यपूर, म्हणजे नाशिक जिल्ह्यातले चांदवड. पुढे सिन्नर आले, देवगिरी तर फार पुढे. म्हणजे एका बाजूला द्वारकेचा कृष्ण आणि दुसऱ्या बाजूला चांदवडचा एक ठाणेदार, आणि मध्ये सगळा मिळून एक सुबाहू. एवढ्या मोठ्या दरीवर एकाच नावाचा पूल टाकलेला दिसला की तो कोणी, कधी आणि का टाकला, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाला भागच आहे.

या प्रश्नाचे उत्तर यादवांच्या एकट्या घरात सापडत नाही. त्यासाठी शेजारच्या घरांत डोकवावे लागते. दहाव्या ते तेराव्या शतकांतल्या दख्खनच्या मांडलिक घराण्यांत एक ठाम रिवाज दिसतो. प्रत्येक घराण्याच्या बिरुदावलीत एका श्रेष्ठ नगराचे स्वामित्व सांगितलेले असते आणि बहुतेकदा त्या नगरावर त्या घराण्याची प्रत्यक्ष सत्ता नसते. शिलाहार कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत, पण स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवीत; तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. सौंदत्तीचे रट्ट लत्तलूरपुरवराधीश्वर, आणि लत्तलूर म्हणजे आपले लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. गोव्याचे कदंब बनवासीपुरवराधीश्वर. या रांगेत यादवांचे द्वारावतीपुरवराधीश्वर हे बिरुद ठेवून पाहा. ते वेगळे पडत नाही. आता याहून बोलका पुरावा. नेमके हेच बिरुद, हाच यदुवंश आणि हीच द्वारावती होयसळही सांगत होते. होयसळांचे मूळ ठिकाण आजच्या चिक्कमगळूरच्या डोंगराळ भागात आणि त्यांच्या मूळपुरुषाची गोष्ट वाघाला मारणाऱ्या सळाची. दोन्ही घराणी एकाच कृष्णाची वारस असती तर भाऊबंद म्हणून एकमेकांचा कधीतरी उल्लेख व्हायला हवा होता. प्रत्यक्षात पाचव्या भिल्लमाच्या कारकिर्दीपासून ही दोन घराणी कृष्णा-तुंगभद्रेच्या मधल्या मुलखासाठी पिढ्यान्पिढ्या झुंजत राहिली. भिल्लमाचा सोरटूरला दुसऱ्या वीरबल्लाळाने केलेला पराभव यातलाच. एका वंशाचे म्हणून कोणी कोणाची गय केली असे दिसत नाही. यदुवंश हे या काळात राजपदाचे मान्य झालेले वस्त्र होते. ज्याला राजा म्हणून उभे राहायचे होते त्याने ते अंगावर घेतले.

यावर पहिला आक्षेप असा येतो की परंपरा सगळीच खोटी कशी असेल. गुजरातेतून किंवा मथुरेच्या बाजूने एखादी टोळी खरोखरच दक्षिणेत उतरली असेल आणि तिचीच पुसट आठवण या कथेत राहिली असेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. माणसे स्थलांतर करतात, आणि नाशिकचा परिसर तर गुजरात-माळव्याच्या वाटेवरच आहे. पण आठवण आणि रचना यांत फरक करण्याची एक साधी कसोटी आहे. आठवण मागे जावी तशी तिच्यात बारीक, निरुपयोगी, कोणाच्याही फायद्याचे नसलेले तपशील उरतात. रचनेत असे तपशील नसतात. तिथे प्रत्येक नाव काहीतरी कामगिरी बजावते. जैन परंपरेत, चौदाव्या शतकातल्या जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्पा’तल्या नाशिकच्या प्रकरणात, दृढप्रहाराची एक गोष्ट आहे. द्वारका जळत असताना त्याची गर्भवती आई जैन साधूच्या कृपेने वाचते आणि दृढप्रहार जन्माला येतो. नवव्या शतकातला माणूस द्वारकेच्या दहनकाळी जन्मला हे अर्थातच घडू शकत नाही. पण त्याच कथेत पुढे हा तरुण गुरे पळवणाऱ्यांपासून लोकांचे रक्षण करतो आणि म्हणून लोक त्याला नगराचा रक्षक नेमतात. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. राजाची थोरवी गाणाऱ्याला गुरांच्या चोरांची गोष्ट सुचण्याचे काही कारण नव्हते. गावचे गोधन राखणारा, त्या बळावर ठाणेदार झालेला, मग मांडलिक झालेला पुरुष, ही दख्खनमधल्या सत्तेची ओळखीची चढण आहे. आपल्या गावोगावच्या वीरगळांवर गाईंसाठी लढताना पडलेले वीर कोरलेले असतात. दृढप्रहार त्यांच्याच जगातला दिसतो. स्थलांतराची आठवण शोधायची तर ती द्वारकेच्या आगीत मिळणार नाही. या गुराढोरांच्या तपशिलात मात्र खऱ्या आठवणीचा अंश असावा असे मी म्हणेन.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वंशावळीचे डोके असे रचलेले असेल तर तिच्या धडावर विश्वास का ठेवायचा? हेमाद्रीने सुबाहू घातला, तर वेसुगी आणि राजुगीही घातले नसतील कशावरून? याचे उत्तर तुलनेने मिळते. हेमाद्रीने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिले. त्याच्या आधीचे यादवांचे ताम्रपट आपल्याकडे आहेत: दुसऱ्या भिल्लमाचा संगमनेरचा, शके ९२२ म्हणजे इसवी सन १००० चा, तिसऱ्या भिल्लमाचा कळस बुद्रुकचा, शके ९४८ चा, दुसऱ्या सेउणचंद्राचा वसईचा, शके ९९१ म्हणजे १०६९ चा. या पत्र्यांतली नावे आणि दोन-अडीचशे वर्षांनी हेमाद्रीने दिलेली नावे ताडून पाहिली तर काही मागेपुढे झालेली, काही एकीकडे असून दुसरीकडे नसलेली दिसतात, पण मुख्य साखळी जुळते. हे जुळणे आपोआप घडलेले नाही. हेमाद्री श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. शके ११९४ च्या ठाण्याच्या ताम्रपटातही त्याचा अधिकारी म्हणून उल्लेख आहे. कागदपत्रे ज्याच्या ताब्यात, त्याच माणसाने ही यादी लिहिली. दप्तर जिथवर पोहोचत होते तिथवर त्याने दप्तर वापरले, आणि जिथे ते संपले तिथे पुराण उघडले. दोन्हींमधला सांधा दृढप्रहारापाशी आहे आणि तो डोळ्यांना दिसतो.

ताम्रपटाची घडण एकदा जवळून पाहिली की कोणत्या ओळीवर किती भार टाकायचा हे आपोआप कळते. आधी मंगलाचरण, मग वंशवर्णन, मग दान देणारा राजा आणि त्याची बिरुदे. येथवर सगळे काव्य. मग भाषा एकदम बदलते. शक, संवत्सर, मास, तिथी, पर्व. दान घेणाऱ्याचे नाव, गोत्र, शाखा, बापाचे नाव. गावाचे नाव, आणि त्याच्या चारी बाजूंच्या सीमा: पूर्वेला अमुक गाव, दक्षिणेला ओढा, पश्चिमेला वाट. शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. हा पत्रा दान घेणाऱ्याच्या घरी जपून ठेवायचा असे, कारण उद्या नातवंडांवर जमिनीचा तंटा उभा राहिला तर तोच दाखवायचा. सीमेच्या ओळीत खोटे लिहिले तर शेजारचे गाव दुसऱ्या दिवशी भांडायला उभे राहिले असते. मथुरेच्या ओळीवर कोणी भांडायला येणार नव्हते. ज्या ओळीला कोणीतरी हरकत घेऊ शकत होता ती ओळ अधिक विश्वासाची, हे तत्त्व वंशावळीलाही लावता येते. आजोबांचे नाव चुकवले तर भाऊबंद बोलले असते. सुबाहूचे भाऊबंद कुठेच नव्हते.

हाच नियम लावला की वंशावळीतला एक भाग अचानक उजळतो: लग्ने. आपल्या इतिहासलेखनात सोयरिकी तळटिपेत जातात. यादवांच्या बाबतीत तर त्याच मुख्य पुरावा आहेत, कारण दुसऱ्या राजघराण्याची मुलगी आपल्या घरात आल्याचे खोटे सांगणे ते घराणे जिवंत असताना सोपे नव्हते. वड्डिगाला राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या धाकट्या भावाची, धोरप्पाची मुलगी मिळाली. दहाव्या शतकाच्या मध्यावरची ही गोष्ट. चांदवड-सिन्नरकडचे एक छोटे घराणे सम्राटाच्या कुटुंबाशी जोडले गेले. ‘वड्डिग’ हे नावदेखील राष्ट्रकूट घराण्यात चालणारे. पुढे ९७३ मध्ये राष्ट्रकूट कोसळले आणि कल्याणीच्या चालुक्यांचा उदय झाला, तेव्हा दुसरा भिल्लम तैलपाच्या बाजूला गेला. माळव्याच्या मुंजाकडे चाललेली राजलक्ष्मी त्याने अडवून तैलपाच्या घरी आणून ठेवली, अशी कामगिरी संगमनेरचा ताम्रपट सांगतो. त्याची राणी शिलाहार झंझाची मुलगी. आणखी थोड्याच काळाने तिसऱ्या भिल्लमाच्या घरी खुद्द चालुक्य जयसिंहाची मुलगी, आहवमल्लाची बहीण, राणी म्हणून आली. मग दुसरा सेउणचंद्र: याच आहवमल्लाचा मुलगा सहावा विक्रमादित्य याला गादी मिळवून देण्यात आपल्या घराण्याचा हात होता, असे हेमाद्री अभिमानाने नोंदवतो. सोयरिकींची ही रांग नीट पाहिली तर घराण्याची चढण पायरीपायरीने मोजता येते. कोणत्या पिढीत कोणी यांना मुलगी देण्याजोगे मानले, कोणाच्या पडझडीत यांनी कोणाची बाजू धरली, हे कळते. द्वारकेच्या कथेने यातले एक अक्षरही सांगितले नसते. या घराण्याचे मोठेपण मला तिथे दिसते, सम्राटांच्या दोन घराण्यांच्या उदयास्तात पाय घसरू न देता तीन शतके टिकून राहण्यात.

दुसरी जागा तुटलेल्या सांध्यांची. पाचव्या भिल्लमाने १२ व्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांचे मांडलिकत्व झुगारले, देवगिरी वसवली, सार्वभौम राजाची बिरुदे घेतली. घराण्याचा खरा संस्थापक तोच. आणि नेमका त्याचाच बाप कोण, याबद्दल साक्षी फुटतात. हेमाद्रीच्या यादीत मल्लुगीनंतर अमरगांगेय, गोविंदराज, अमरमल्लुगी, कलियबल्लाळ अशी घाईघाईने नावे येतात. मग राज्यलक्ष्मी बल्लाळाच्या मुलांना सोडून त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या भिल्लमाकडे, त्याच्या गुणांवर लुब्ध होऊन, गेली असे सांगितले जाते. खुद्द भिल्लमाच्या काळातला शके १११३ चा गदगचा लेख मात्र त्याला कर्णाचा मुलगा आणि अमरगांगेयाचा पुतण्या म्हणतो. मी येथे समकालीन लेखाकडे झुकतो. तो भिल्लमाच्या हयातीत कोरला गेला, आणि आपल्या बापाचे नाव त्याने चुकू दिले नसते. हेमाद्रीने सत्तर-ऐंशी वर्षांनी ही वंशरेषा सरळ केली असावी. लक्ष्मी गुणांवर भाळून घर बदलते, तेव्हा बहुधा मागे कोणाच्या तरी मुलांचा हक्क डावलला गेलेला असतो. अशीच घटना शेवटाकडे पुन्हा घडली. यादव राजा कृष्ण याच्या मागून त्याचा भाऊ महादेव गादीवर आला. महादेवानंतर त्याचा मुलगा आमण बसला. आणि कृष्णाचा मुलगा रामचंद्र याने नाचगाण्याच्या मेळ्याच्या मिषाने किल्ल्यात शिरून गादी घेतली. आमणाचे डोळे काढल्याची आठवण महानुभावांच्या वाङ्मयात आहे. महादेवाची स्तुती गाणारा हेमाद्री रामचंद्राच्या दरबारातही अधिकारी राहिला. अशा माणसाच्या लेखणीतून उतरलेली वंशावळ वाचताना तिच्यातल्या मौनाकडे शब्दांइतकेच लक्ष द्यावे लागते.

प्रशस्ती वास्तवाच्या किती उलट जाऊ शकते याचे सर्वांत जळजळीत उदाहरण याच रामचंद्राचे. बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीला सापडलेला त्याचा ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे १३१० चा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो प्रसिद्ध केला. त्यात रामचंद्राने वाराणसी म्लेच्छांपासून सोडवली आणि तिथे शार्ङ्गधराचे मंदिर उभारले असे सांगितले आहे. हा पत्रा कोरला गेला तेव्हा रामचंद्र दिल्लीला नेला जाऊन, रायरायान हा किताब घेऊन, सुलतानाचा मांडलिक म्हणून परत आला होता. त्यानंतर काही महिन्यांतच काफूरची फौज होयसळांवर चालून गेली, आणि तिला देवगिरीहून मदत मिळाली. ताम्रपटात दिल्लीचे नाव नाही. यातून मला रामचंद्राचा उपहास करायचा नाही. हरलेल्या राजाच्या दरबारी कवीने दुसरे काय लिहावे? पण ज्या लेखणीने हे लिहिले तिच्याच परंपरेने यदूपर्यंतची वंशावळ लिहिली, याचा विसर पडता कामा नये. इथेही खरी गोष्ट सोयरिकीत सापडते. रामचंद्राची एक मुलगी अल्लाउद्दीनच्या अंतःपुरात गेली, आणि तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर १३१६ मध्ये, अगदी लहान वयात, काही काळ दिल्लीच्या तख्तावर बसवला गेला. कोणत्याही यादव प्रशस्तीत ही ओळ असणे शक्य नाही. इतिहासात मात्र ती आहे.

आता तो वाद, ज्याने या विषयाची फार हानी केली आहे: यादव मूळचे कन्नड की मराठी? कन्नड बाजू धाडियप्पा, मल्लुगी, जैतुगी या नावांकडे आणि दक्षिणेतल्या विपुल कन्नड शिलालेखांकडे बोट दाखवते. मराठी बाजू चांदवड-सिन्नर-संगमनेरच्या मूळ भूमीकडे आणि पंढरपूरच्या मराठी लेखांकडे. दोन्ही पुरावे खरे आहेत. पण आपण पाहिलेल्या सोयरिकी आठवा. ज्या घरात राष्ट्रकूट आणि चालुक्य मुली आल्या, ज्यांचे स्वामी कन्नड दरबाराचे, त्या घरात कन्नड वळणाची नावे येणे अगदी स्वाभाविक आहे. त्यावरून मूळपुरुषाची बोली ठरत नाही. शिलालेखाची भाषा तर जिथे लेख कोरायचा तिथल्या लोकांना कळावी म्हणून निवडली जाई. म्हणून कृष्णेच्या दक्षिणेस कन्नड आणि भीमेच्या तीरावर मराठी. घराण्याला एका भाषेच्या खात्यावर टाकण्याचा आग्रह विसाव्या शतकातल्या प्रांतरचनेतून आला आहे आणि तोही, वंशावळीसारखाच, आजची गरज भूतकाळात रोवणारा आहे. मराठीला राजाश्रयाची सवय याच घराण्याच्या अमलात लागली, ही गोष्ट खरी आणि आपल्या अभिमानाची आहे. ती खरी असायला दृढप्रहार मराठी बोलत असण्याची गरज नाही.

याच मुलखात, याच काळात, एका वेगळ्या घराण्याची वंशावळ दगडावर कोरली गेली आहे. जाता जाता ती पाहावी. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखात शांडिल्य गोत्रातल्या त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव अशा पिढ्या दिल्या आहेत. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपाळाने दरबारी नेले, चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. विद्वानांच्या या कुळाला काही पिढ्यांपलीकडे जायची निकड वाटली नाही. चंद्रापासून वंश सांगण्याची गरज कुळाच्या जुनेपणाने येत नाही, ती सिंहासनावर बसण्याने येते, हे या शेजारी-शेजारी उभ्या दोन वंशावळींवरून दिसते.

तरीही रचलेला वंश कालांतराने लोकांच्या मनात खरा होतो, आणि हे होणेही इतिहासच आहे. १२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानदेवांनी शेवटी रामचंद्राचा उल्लेख यदुवंशाचा राजा म्हणूनच केला. राजदरबाराशी काही देणेघेणे नसलेल्या मुखातून तो शब्द सहज येतो, म्हणजे तेव्हा तो दावा राहिलेला नव्हता, सर्वांची समजूत झाला होता. हीच समजूत पुढे सिंदखेडच्या जाधवांच्या घराण्यापर्यंत आली. लखुजी जाधवराव, आणि त्यांच्या कन्या म्हणून जिजाबाई, यांचे मूळ देवगिरीच्या यादवांशी जोडले जाते. अनेकांच्या भावना त्यात गुंतल्या आहेत आणि मी त्यांचा आदर करतो. पण आजवर लावलेली कसोटी येथे बाजूला ठेवता येणार नाही. १३१८ मध्ये हरपाळदेव मारला गेला आणि लखुजी निजामशाहीत नावारूपाला आले सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मधली पावणेतीन शतके तुघलक, बहामनी आणि निजामशाही अमलाची. आडनावाचे साम्य हा फार लांबचा पुरावा, आणि पुढच्या काळात लिहिलेली वंशावळ ही पुन्हा तिच्या लेखनकाळाचीच साक्ष. हा प्रश्न सुटायचा तर मधल्या काळातली वतनपत्रे, देशमुखी-पाटीलकीचे महजर, मराठवाडा-वऱ्हाडातले वीरगळ आणि गधेगाळ यांतूनच सुटेल, आणि त्यांतही आधी शोधायच्या त्या सोयरिकी: कोणत्या घराण्याने यांना मुलगी दिली, कोणाची घेतली. शेतीच्या बांधावर पालथे पडलेले असे किती दगड आणि घरोघरच्या पेटाऱ्यांत किती दप्तरे अजून न वाचलेली आहेत, हे गावोगाव फिरणाऱ्या अभ्यासकांना ठाऊक आहे. हे काम तरुणांनी तालुक्यातालुक्यात हाती घ्यावे, आणि त्याची सुरुवात मोडी आणि देवनागरी शिलालेख वाचायला शिकण्यापासून करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.